आकडेमोड बिनचूक, उत्तर मात्र चुकीचे!

समजा, तीन तालुक्यांची लोकसंख्या अनुक्रमे १,०५,०००, ९८,५०० आणि १,२०,००० आहे. सरासरी किती? शाळकरी मुलगाही कागद-पेन्सिल घेऊन १,०७,८३३ च्या आसपास उत्तर काढील. संख्याशास्त्रासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या संगणकप्रणालीच्या जुन्या आवृत्तीकडे हाच तक्ता सोपवला, तर ती एका विशिष्ट परिस्थितीत उत्तर देते : दोन. दोन लाख नव्हे की दोन हजार नव्हे, नुसते दोन! विशेष म्हणजे हे उत्तर देताना संगणक कुरकुरत नाही, इशारा देत नाही, पडद्यावर लाल अक्षरेही उमटत नाहीत.

संगणक बिघडलेला नसतो आणि प्रणालीही सदोष नसते. घोटाळा असतो तो आपण भारतीय पद्धतीने दिलेल्या स्वल्पविरामांचा. ‘आर’ला संख्येत फक्त अंक आणि दशांशचिन्ह अपेक्षित असते. स्वल्पविराम दिसताच ती संपूर्ण रकाना ‘मजकूर’ ठरवते. संख्याशास्त्रात मजकुराचा रकाना बहुधा वर्गवारीचा असतो. जिल्हा, पीक, रक्तगट यांसारख्या प्रत्येक वेगळ्या शब्दाला एक क्रमांक देऊन तो साठवण्याची सोय प्रणालीत मुद्दाम केलेली आहे. आपल्या तीन आकड्यांनाही तसेच क्रमांक मिळतात, तेही शब्दकोशाच्या क्रमाने. ‘१,०५,०००’ पहिला, ‘१,२०,०००’ दुसरा आणि नऊपासून सुरू होतो म्हणून ‘९८,५००’ तिसरा. पुढे वापरणाऱ्याने ‘याच्या संख्या कर’ अशी आज्ञा दिली, की प्रणाली मूळ आकडे न देता हे क्रमांकच पुढे करते. एक, तीन आणि दोन यांची सरासरी दोन. आकडेमोड शंभर टक्के बिनचूक!

लोकसंख्येच्या बाबतीत हा प्रकार हास्यास्पद ठरतो आणि म्हणूनच लगेच पकडला जातो. प्रस्तुत प्रतिनिधीला मात्र काही वर्षांपूर्वी पावसाच्या एका तक्त्याने चांगलेच फसवले. सुमारे साडेतीनशे ओळींच्या त्या तक्त्यात बहुतेक आकडे हजाराच्या आतले, स्वल्पविरामाशिवायचे होते. घाटमाथ्यावरच्या एका ठिकाणाची नोंद तेवढी हजारावर गेली होती आणि तेथे कोणीतरी टापटिपीने स्वल्पविराम दिला होता. त्या एका चिन्हाने सगळा रकाना मजकूर झाला. सर्व नोंदी एकमेकींहून वेगळ्या असतील, तर साडेतीनशे क्रमांकांची सरासरी नेहमीच १७५.५ येणार, मग पाऊस कितीही पडलेला असो. जूनअखेरची सरासरी १७५.५ मिलिमीटर, हे वाचून कोणाला शंका येईल? बातमी छापण्यापूर्वी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ‘कोकणातला आकडा वेगळा काढून दाखव’ म्हटले, म्हणून अब्रू वाचली.

इशारा दिला, पण...

‘आर’चा जन्म न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातला. रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघा प्राध्यापकांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ती विकसित केली. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील ‘एस’ या भाषेचा आदर्श त्यांच्यापुढे होता. दोघांच्या नावांची आद्याक्षरे आणि ‘एस’ला दिलेली हलकीशी कोपरखळी यांतून ‘आर’ हे नाव आले. १९९५ मध्ये तिची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली. ती कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी असा हा मुक्तस्रोत परवाना. परवाना-शुल्क नसल्याने भारतातील विद्यापीठे आणि संशोधन संस्थांत ती रुजली. मुंबईच्या आयआयटीचा ‘फॉसी’ हा मुक्तस्रोत प्रणालींचा प्रकल्पही तिचा प्रसार करतो.

वर्गवारीच्या या सवयीबद्दल वापरकर्त्यांनी वर्षानुवर्षे बोटे मोडल्यावर एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ४.०.० या आवृत्तीत ती बदलली गेली. आता मजकूर मजकूरच राहतो. स्वल्पविरामाच्या आकड्याची संख्या करायला सांगितले, तर प्रणाली तेथे ‘नोंद नाही’ अशी खूण ठेवते आणि तसा इशाराही देते.

प्रश्न मिटला असे वाटेल, पण येथेच दुसरा सापळा आहे. रकान्यात एकही ‘नोंद नाही’ असेल, तर ‘आर’ सरासरीचे उत्तरही ‘नोंद नाही’ असेच देते. घाईत असलेला माणूस मग मदतपुस्तिकेतून एक छोटासा पर्याय शोधून काढतो : ‘रिकाम्या नोंदी वगळा’. उत्तर लगेच मिळते. मात्र वगळल्या कोणत्या गेल्या? ज्या आकड्यांत स्वल्पविराम होता त्या, अर्थात हजाराच्या वरच्या सगळ्या! पावसाच्या तक्त्यातून अशा वेळी कोकण आणि घाटमाथा गळून पडतो आणि राज्याची म्हणून जी सरासरी हाती येते, ती प्रत्यक्षात देशावरच्या कोरड्या भागाची असते. पूर्वीचे उत्तर निदान निरर्थक तरी होते. हे उत्तर अर्थपूर्ण दिसते, आणि त्यावर टंचाईचा प्रस्तावही लिहिला जाऊ शकतो.

जाणकार म्हणूनच त्रुटीचे दोन प्रकार मानतात. एक बोलकी, दुसरी मुकी. आज्ञेत कंस राहिला, फाइल सापडली नाही, एखादे पूरक पॅकेज बसवलेले नाही, की प्रणाली काम थांबवते आणि कारण सांगते. ते वाचून नवशिक्याचे हातपाय गळतात, पण खरे पाहता ही त्रुटी त्याची मित्र असते. मुकी त्रुटी काहीच सांगत नाही.

अशा मुक्या त्रुटींनी मोठमोठ्यांना गोत्यात आणले आहे. ब्रिटनमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ कोरोनाबाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीतून गळाली. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या स्वरूपात भरली जात होती आणि त्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावतच नाहीत. बाधितांना अहवाल मिळाले होते, पण त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. साथीच्या दिवसांत त्या विलंबाचा अर्थ काय, हे सांगायला नको.

अर्थशास्त्रातील उदाहरण तर प्रसिद्धच आहे. हार्वर्डचे कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये मांडले, की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का असते. खर्चकपातीच्या समर्थकांनी हा आकडा जगभर फिरवला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला मात्र काही केल्या ते उत्तर येईना. लेखकांनी मूळ एक्सेल फाइल दिली, तेव्हा दिसले की सरासरीच्या सूत्रात वीसपैकी पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या. येथे एक खुलासा आवश्यक आहे. एकूण फरकात या चुकीचा वाटा लहान होता. काही वर्षांची आकडेवारी न घेणे आणि देशांना भार देण्याची वेगळी पद्धत, ही कारणे अधिक मोठी होती. हर्न्डन आणि त्याच्या प्राध्यापकांनी २०१३ मध्ये काढलेली दुरुस्त सरासरी अधिक २.२ टक्के होती. मूळ लेखकांनी एक्सेलमधील चूक मान्य केली, निष्कर्ष मात्र सोडला नाही.

दार उघडे, पण आत डोकावणार कोण?

एक्सेलची आज्ञावली बंदिस्त असते, मुक्तस्रोत प्रणालीत असे घडणार नाही, असे या गोटातील मंडळी उत्साहाने सांगतात. हा दावा जरा तपासूनच घ्यायला हवा. मेंदूच्या एमआरआय चित्रांचे विश्लेषण करणारी ‘आफ्नी’ ही अमेरिकी प्रणाली पूर्णपणे मुक्तस्रोत आहे. तिच्या एका भागात तब्बल १५ वर्षे एक दोष पडून होता. मूळ आज्ञावली सर्वांना खुली होती, तरी तो कोणाच्या ध्यानात आला नाही. मे २०१५ मध्ये तो दुरुस्त झाला.

तो सापडला कसा, हे पाहण्यासारखे आहे. स्वीडनचे आंदेर्स एकलुंड आणि हान्स क्नुट्सन, तसेच ब्रिटनचे थॉमस निकोल्स यांनी प्रणालीला उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न घातला. कोणतेही काम न करता स्वस्थ पडून राहिलेल्या ४९९ निरोगी व्यक्तींची चित्रे त्यांनी घेतली, त्यांचे यदृच्छया गट पाडले आणि गटांमध्ये फरक आहे का, असे विचारले. फरक नसणारच. योगायोगाने शंभरात पाच वेळा ‘आहे’ असे उत्तर यावे, अशी या पद्धतींची हमी होती. प्रत्यक्षात काही परिस्थितींत हे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत गेले. बराचसा दोष ‘आफ्नी’सह तीन लोकप्रिय प्रणालींनी गृहीत धरलेल्या गणिती समजुतींचा होता आणि थोडा त्या जुन्या बगचा. २०१६ मधील त्यांच्या शोधनिबंधाने खळबळ उडाली. मात्र सुमारे ४०,००० निबंधांच्या विश्वासार्हतेवर प्रश्नचिन्ह लावणारे त्यातले वाक्य फार ताणलेले होते आणि लेखकांना ते नंतर दुरुस्त करावे लागले. चूक शोधणाऱ्याचीही चूक निघते, ती अशी!

कोणत्याही विश्लेषणात बिघाड शोधण्याची हीच पद्धत सर्वांत भरवशाची आहे. हजारो ओळींचा तक्ता बाजूला ठेवून पाच ओळींचा छोटा तक्ता बनवावा, उत्तर हाताने काढावे आणि मग तोच संगणकाला द्यावा. चूक तेथेही घडली तर ती जवळजवळ पकडलीच म्हणायची. घडली नाही तर दोष आकडेवारीत आहे, हे कळते. मुक्तस्रोत पॅकेजांची देखभाल करणारे स्वयंसेवक तक्रारदाराकडे असाच छोटा नमुना मागतात आणि सोबत प्रणालीची व पॅकेजांची आवृत्ती विचारतात. अनेकांना तो आडमुठेपणा वाटतो. वास्तविक नमुना तयार करता करताच निम्म्या तक्रारी मिटतात, असा अनेकांचा अनुभव आहे.

आवृत्तीचा प्रश्नही वायफळ नाही. यादृच्छिक नमुना निवडताना तोच नमुना पुन्हा मिळावा म्हणून ‘आर’मध्ये सुरुवातीचा एक बीजांक देतात. मोठ्या समूहातून निवड करताना जुनी रीत किंचित पक्षपाती होती, म्हणून २०१९ च्या ३.६.० आवृत्तीत ती सुधारण्यात आली. परिणामी तीच आज्ञा आणि तोच बीजांक दिला, तरी जुन्या आणि नव्या संगणकावर निवडलेली नावे वेगळी! जुना नमुना हवा असल्यास जुनी रीत मागण्याची सोय ठेवलेली आहे, पण बदल झाला आहे हे ठाऊक असेल तरच ती मागणार.

मराठीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला याखेरीज एक स्वतंत्र दुखणे येते. विंडोजवरील ‘आर’मध्ये देवनागरी नावे कित्येक वर्षे धड दिसतच नसत. ‘क’च्या जागी कोनदार कंसात ‘यू अधिक ०९१५’ असा युनिकोड क्रमांक उमटे. २०२२ च्या ४.२.० आवृत्तीपासून नव्या विंडोजवर ही अडचण दूर झाली. ती बोलकी होती, डोळ्यांना दिसत तरी होती. मुकी अडचण कायम आहे. साताऱ्यातील ‘कऱ्हाड’ हा तालुका घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा ‘र’ला नुक्ता जोडूनही. पडद्यावर दोन्ही एकसारखे, संगणकाच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. काही तक्त्यांत ‘कराड’ असेही लिहिलेले असते, ते निराळेच. लोकसंख्येचा तक्ता एका कार्यालयातून आणि पावसाचा दुसऱ्यातून आला व तालुक्याच्या नावावरून दोन्ही जोडले, तर ‘आर’ जुळणाऱ्याच ओळी ठेवते, न जुळणाऱ्या निमूटपणे गाळते. जोडणीआधी आणि जोडणीनंतर ओळी मोजल्या नाहीत, तर अख्खा कऱ्हाड तालुका तक्त्यातून गेल्याचे कोणाला कळणारही नाही.