परिचर्येच्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी : जखमेच्या नोंदीतील शब्द आणि अर्थ

प्रस्तावना :
भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमानुसार बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात 'कम्युनिकेटिव्ह इंग्लिश' हा विषय शिकविला जातो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात या विषयाचा विचार बहुधा व्याकरण व उच्चार यांपुरताच होतो. (जखमेसाठी असलेल्या 'वूंड' या शब्दाचा उच्चार 'वाउंड' करणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात भेटतात, परंतु ही चूक निरुपद्रवी होय.) खरी अडचण वेगळी आहे. रुग्ण आपली व्यथा मराठीत सांगतो, नोंद मात्र इंग्रजीत करावयाची असते. या दोहोंमधील अंतर विद्यार्थ्याला एकट्यानेच कापावे लागते.

शब्दांची व्याप्ती :
मराठीतील 'जखम' हा शब्द अतिशय व्यापक आहे. खरचटणे, चिरणे, ठेचणे, फाटणे ही क्रियापदे मात्र नेमकी आहेत. धारदार शस्त्राने झालेली 'इन्साइज्ड' जखम आणि बोथट आघाताने फाटलेली 'लॅसरेशन' यांतील भेद न्यायवैद्यकीय प्रकरणांत निर्णायक ठरू शकतो. येथे 'चिरले की फाटले?' हा साधा मराठी प्रश्नच योग्य इंग्रजी शब्दापर्यंत नेतो. स्रावाबाबतही तसेच आहे. 'पाणी सुटते', 'लस येते', 'पू येतो' या रुग्णाच्या शब्दांना 'सीरस' व 'प्युरुलंट' ह्या संज्ञा जुळवून देता येतात. 'डिस्चार्ज' हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो, कारण रुग्णाच्या नातेवाइकांना त्याचा 'घरी सोडणे' एवढाच अर्थ ठाऊक असतो.

'सुकणे' :
सर्वांत फसवा शब्द 'सुकणे' हा आहे. मराठीत 'जखम सुकली' म्हणजे ती बरी झाली. विद्यार्थी त्याचे 'ड्राय' असे भाषांतर करतो. परंतु इंग्रजी नोंदीत 'ड्राय' म्हणजे केवळ स्राव नसलेली. ती भरून आली असा त्याचा अर्थ होत नाही. त्यासाठी 'हील्ड' ही संज्ञा आहे. हा प्रश्न केवळ भाषेचा नाही. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगातून दाखवून दिले की, उघड्या ठेवून खपली धरू दिलेल्या उथळ जखमांपेक्षा आच्छादित, ओलसर जखमांवर नवी त्वचा अधिक वेगाने चढते. तरीही 'जखमेला वारा लागू द्या, सुकू द्या' हा सल्ला घरोघरी दिला जातो, आणि त्यामागे भाषेने रूढ केलेली समजूतही असावी. शिक्षकाने 'ओली जखम' व 'चिघळलेली जखम' यांतील फरक आधी मराठीतच स्पष्ट केला पाहिजे.

दाबव्रणाची नोंद :
अमेरिकेतील दाबव्रणविषयक राष्ट्रीय सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये 'प्रेशर अल्सर' ऐवजी 'प्रेशर इंज्युरी' ही संज्ञा स्वीकारली, कारण पहिल्या अवस्थेत त्वचा अखंडच असते. पाठ्यपुस्तके या अवस्थेचे मुख्य लक्षण लाली हे सांगतात. परंतु सावळ्या वा काळ्या त्वचेवर ही लाली सहज दिसत नाही. 'रेडनेस' एवढाच शब्द पाठ असलेला विद्यार्थी 'नो रेडनेस' असे लिहितो व पुढील पाळीच्या परिचारिकेला सर्व ठीक वाटते. म्हणून 'वॉर्म', 'फर्म', 'पेनफुल' हे स्पर्शाचे व वेदनेचे शब्द रंगाच्या शब्दांआधी शिकवावेत; आणि रुग्णाला विचारावयाचा प्रश्नही त्यासोबतच द्यावा : "आजी, इथे हात लावला की दुखतं का? बाजूपेक्षा गरम लागतंय का?"