नावाआधीची दोन अक्षरं

लग्नसराई आली की आमच्या बारामती-इंदापूर भागात पत्रिकांचा ढीग पडतो. मैत्रिणींनो, यंदा नुसती तारीख-वेळ बघू नका, खालची नावंही वाचा. पुरुष लहानपणी 'चि.' आणि मोठेपणी 'श्री.', संपलं. त्याचं लग्न झालंय का, बायको आहे की वारली, 'श्री.' काही सांगत नाही. बाई मात्र आधी 'कु.', मग 'सौ.' आणि नवरा गेला की 'श्रीमती' नाहीतर 'गं. भा.'. तिचं सगळं आयुष्य दोन अक्षरांत चव्हाट्यावर!

अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ यांनी १९७५ साली 'लँग्वेज अँड वुमन्स प्लेस' या पुस्तकात इंग्रजीबद्दल हेच लिहिलं. पुरुषाला 'मिस्टर' एकच, बाई मात्र 'मिस' की 'मिसेस' ते सांगायला हवं. त्यांचं आणखी एक निरीक्षण तर मराठीलाही चपखल बसतं. 'ती अमक्याची विधवा' असं आपण सहज म्हणतो. 'तो अमकीचा विधुर' असं कधी ऐकलंय? नवरा गेला तरी बाई त्याचीच, बायको गेली की पुरुष मोकळा.

'गं. भा.' म्हणजे गंगा भागीरथी. एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाचे महिला व बालविकासमंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा'ऐवजी हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव पुढे आणला. टीकेचा भडिमार झाला, तेव्हा ही फक्त चर्चा आहे, निर्णय नाही, असं त्यांना सांगावं लागलं. बरंच झालं. शब्द पवित्र केला म्हणून हळदीकुंकवाचं बोलावणं थोडंच येतं? त्यापेक्षा कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड गाव शहाणं. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथाच बंद करण्याचा ठराव केला.

बचत गटात हा विषय निघाला. इंदापूर तालुक्यातली आमची एक सभासद नवरा गेल्यापासून ऊस एकटी बघते. ती म्हणाली, "ताई, कारखान्याच्या पावतीवर माझं नुसतं नाव असतं. उसाचं वजन काय कमी भरतं का? मग पुतण्याच्या पत्रिकेतच कशाला पायजे गंगा न् भागीरथी?"

गटाच्या हजेरीवहीत आता कुणाच्याच नावाआधी काही लिहायचं नाही, असं ठरलंय. दोघी नाराज आहेत. 'सौ.' सोडवत नाही म्हणतात. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.