तळपायावरचा काळा डाग

एप्रिल लागला की पुण्यात सनकोट, टोप्या आणि स्कार्फ बाहेर निघतात. त्यासोबत मोबाइलवर 'उन्हाने त्वचेचा कॅन्सर होतो' असे संदेशही फिरू लागतात. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत स्थायिक झालेली मुले फोनवर अम्मीला बजावतात, "सनस्क्रीन लावल्याशिवाय बाहेर पडू नका." ती राहतात तिथल्या हिशेबाने त्यांचे म्हणणे चूक नाही. मेलॅनोमा हा त्वचेचा सर्वांत घातक कर्करोग ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये वर्षाला दर लाख पुरुषांत सुमारे ४० जणांना आणि दर लाख स्त्रियांत सुमारे ३० जणींना होतो. १९८१ पासून तिथे 'शर्ट चढवा, क्रीम लावा, टोपी घाला' अशी मोहीम चालली आणि पुढच्या काळात तरुणांमधले प्रमाण उतरलेही.

आता आपल्याकडे पाहू. मार्केट यार्डातले हमाल, चौकातले ट्रॅफिक पोलीस, बांधकामावरचे मजूर आणि हातगाडीवाले दिवसाचे आठ-दहा तास उन्हात असतात. ऊन हेच एकमेव कारण असते, तर त्यांच्या चेहऱ्या-हातांवर हा रोग जागोजागी दिसला असता. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची नोंद ठेवली जाते, नंतर पुण्यातही ती सुरू झाली. या नोंदींत मेलॅनोमाचे प्रमाण लाखात एकाहूनही कमी आहे.

याचे श्रेय आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला जाते. रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि सावळ्या माणसात जवळपास सारख्याच असतात. सावळ्या त्वचेत मात्र मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त बनते आणि ते पेशीच्या केंद्रावर छत्रीसारखे पसरते. ज्या रंगाला पाहून स्थळे नाकारली जातात, तोच रंग असा पहारा देत असतो! गोरेपणाच्या क्रीमवर पैसे घालणाऱ्या मुलींना हे वर्गात सांगितले की त्या हसतात. क्रीम सुटते की नाही, अल्लाह जाणे. जन्मतःच हा रंग नसलेल्या, म्हणजे अल्बिनिझम असलेल्या मुलांना मात्र उन्हापासून खरोखर जपावे लागते.

मग आपल्याकडे मेलॅनोमा होतो तेव्हा कुठे होतो? बहुतेक वेळा जिथे ऊन पोहोचतच नाही, अशा जागी: तळपाय, तळहात, नखाखाली, कधी तोंडात, नाकात किंवा शौचाच्या जागी. तळव्याची कातडी बाकी अंगापेक्षा फिकट असते, आणि चालताना तिच्यावर सतत दाब येतो. या दाबाचा संबंध संशोधक तपासत आहेत. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली याला हाच आजार पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. आधी ती फुटबॉल खेळतानाची इजा वाटली. १९७७ मध्ये निदान झाले, त्याने अंगठा काढून घ्यायला नकार दिला आणि १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला.

आपल्या घरांतही असेच घडते. तळव्यावरचा काळा डाग कुरूप समजून ब्लेडने खरवडला जातो, त्यावर कॉर्न कॅप चिकटवतात. मधुमेह असेल तर 'शुगरची जखम आहे, भरेल' म्हणून महिने जातात. जांघेत गाठ आली तर ते अवधाण समजले जाते, आणि शौचातून रक्त गेले तर मूळव्याध. दुर्मीळ आजार म्हणून डॉक्टरांच्याही तो लवकर ध्यानात येत नाही. उशीर होतो तो असा.

वुजू करताना आपण पायाच्या बोटांच्या बेचक्यांत खिलाल करतो, म्हणजे हात तिथे रोज पोहोचतो. तळव्याकडे नजर मात्र जात नाही. गुडघे दुखणाऱ्या दादी-नानीला तर तळवा दिसतच नाही. महिन्यातून एकदा नातवाने उजेडात पाहिला तरी पुरे. डाग नवा आहे, वाढतो आहे, कडा वेड्यावाकड्या आहेत, रंग एकसारखा नाही, किंवा जखम दोन महिन्यांत भरली नाही, तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. नखांवर काळसर उभ्या रेघा आपल्यात अनेकांना असतात, एकाहून अधिक नखांवर असतील तर बहुधा काळजी नसते. एकाच नखावर, त्यातही अंगठ्यावर, मोठ्या वयात आलेली आणि रुंद होत जाणारी रेघ वेगळी. तिचा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला तर थांबूच नका. दारात चेंगरून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते, ही रेघ सरकत नाही. नखांना मेंदी लावणाऱ्या भगिनींनी मेंदी उतरल्यावर एकदा नखे निरखावीत.

कपड्यांखालच्या कातडीची आणखी एक गोष्ट महाराष्ट्रातलीच आहे. धोतर कंबरेला घट्ट बांधण्याच्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये नोंदवला होता. २०२४ मध्ये वर्ध्याच्या डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह दोन वृद्ध स्त्रियांच्या कंबरेवरच्या अशाच जखमांवर लिहिले. हा मेलॅनोमा नव्हे, वेगळ्या जातीचा कर्करोग आहे. पण परकराची काय आणि सलवारची काय, नाडी रोज एकाच जागी आवळली जाते. तिथे चट्टा पडून सारखा चिघळत असेल तर नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक लावा आणि तो चट्टाही दाखवा.

तपासणीसाठी डागाचा तुकडा काढावा लागतो. 'हत्यार लागले की गाठ पसरते' ही भीती मोमीनपुऱ्यापासून कोंढव्यापर्यंत सगळीकडे ऐकू येते आणि तिच्यापायी लोक ससूनच्या दारातून परत फिरतात. तुकडा काढल्याने मेलॅनोमा पसरत नाही. तो एक मिलिमीटरहून पातळ असताना सापडला तर बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेनेच बरे होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया बसतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड पहिल्याच दिवशी सोबत न्यावे, म्हणजे दुसरी खेप पडत नाही.