किती गोण्या, किती सळई: शहाद्यातल्या घरदुरुस्तीची पंचवीस वर्षं

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा शहाद्याच्या जुन्या गावात धाब्याची घरं अजून गल्लोगल्ली उभी होती. सागाचे खांब, तुळया, कड्या, त्यावर फळ्या आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, पण दर पावसाळ्याआधी माती टाकायची आणि तरी मृगाच्या पहिल्या सरीला कुठंतरी पातेलं मांडायचंच. हाती उसाचे, केळीचे पैसे आले की घर म्हणायचं, धाबं काढू आणि स्लॅब टाकू.

हे काम बहुधा उक्तं द्यायचे. मिस्तरी घरभर फिरायचा, पावलांनी लांबी-रुंदी मोजायचा, चहा घ्यायचा आणि आकडा सांगायचा. मालकाचा प्रश्नही एकच असे, "कितला पैसा लागतीन?" मिस्तरीचा अंदाज पुष्कळदा अचूक निघे, तीस-तीस वर्षं हाताखालून विटा गेलेल्या माणसाच्या डोळ्याला मी कधीच कमी लेखणार नाही. पण त्या आकड्यात सिमेंट किती, लोखंड किती, मजुरी किती, हे घरात कुणालाच दिसत नसे. मधेच जिना इकडचा तिकडे झाला, एक मोरी वाढली, की नवा आकडा यायचा आणि तो जास्त की कमी हे ठरवायला मालकाकडे काहीच साधन नव्हतं. मग कुरबुर, मग अबोला, कधी अर्धवट राहिलेलं प्लास्टर. बँकेच्या कर्जासाठी इंजिनियरनं केलेलं अंदाजपत्रक असायचं खरं, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीवर बेतलेलं; पण ते फायलीत जाई, घराच्या रोजच्या हिशोबाला त्याचा उपयोग होत नसे.

या पंचवीस वर्षांत घरदुरुस्तीच्या हिशोबात संगणकानं काय केलं, असं मला कुणी विचारलं तर मी बेरीज-गुणाकाराचं नाव घेणार नाही. ते वहीतही होत होतं. संगणकानं माप आणि दर हे दोन वेगळे रकाने केले. आधी किती लागणार ते लिहा, भाव नंतर शेजारी भरा. एवढ्या साध्या गोष्टीनं घरमालक मिस्तरीशी वेगळ्या भाषेत बोलू लागला.

रकान्यांचा हा तक्ता मुळात जन्मला तोसुद्धा खाडाखोडीला कंटाळून. हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला दिसे की फळ्यावरच्या हिशोबात एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागतात. त्यातून त्यानं बॉब फ्रँकस्टनबरोबर केलेला व्हिजिकॅल्क १९७९ साली बाजारात आला. मग लोटस, मग एक्सेल. शहाद्यात हा तक्ता पोहोचला तो दुकानांच्या हिशोबाच्या आणि संगणक क्लासच्या वाटेनं, नव्या शतकाच्या सुरुवातीला. भारनियमनाचे दिवस होते. दुपारचे काही तास वीज नसायची आणि क्लासमधली मुलं बाहेर ओट्यावर बसून राहायची. मराठी अक्षरांचे फॉण्ट एका संगणकावरून दुसऱ्यावर नेले की अक्षरांची खिचडी होई, त्यामुळे रेती, खडी, सळई, सेंटरिंग ही नावं इंग्रजी लिपीतच टाइप व्हायची. क्लासमध्ये शिकलेला पुतण्या किंवा भाचा घरचं काम निघालं की काका-मामांना तक्ता करून द्यायचा. शहाद्यात घराघरांत ही विद्या शिरली ती अशी.

त्या तक्त्यात काय दिसायचं, याचा एक नमुना देतो. वीस फूट बाय तीस फुटांचा स्लॅब, जाडी पाच इंच. काँक्रीट होतं अडीचशे घनफूट, म्हणजे अडीच ब्रास. एकास दीडास तीन हे प्रमाण धरलं आणि कोरड्या मालाचं आकारमान दीडपटीहून थोडं जास्त धरलं, की सिमेंट लागतं छप्पन्न गोण्यांच्या आसपास, रेती एक ब्रास, खडी दोन ब्रासच्या थोडी वर. आता जाडीच्या चौकटीत पाचाऐवजी चार लिहा. गोण्या पंचेचाळीसवर येतात. एका इंचाची किंमत अकरा गोण्या, शिवाय रेती-खडी. हे समोर दिसलं की "एवढासा इंच काय करतो" हे वाक्य कुणी सहज बोलत नाही, ना वाढवायला, ना इंजिनियरला न विचारता घटवायला.

सळईचं तर विचारूच नका. दुकानात ती किलोवर मिळते आणि स्लॅबवर ती नगावर मोजतात. व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले १६२ केलं की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. बारा मीटरची आठ मिलिमीटरची सळई पावणेपाच किलोच्या जवळ, दहाची सात किलो चारशे ग्रॅम, बाराची साडेदहाच्या थोडी वर. हे सूत्र इंजिनियरच्या खिशात पूर्वीही होतं. तक्त्यात बसल्यावर ते घरातल्या बारावीच्या मुलीच्या हाती आलं. वजनकाट्याची पावती आणि गाडीतून उतरलेले नग ती दहा मिनिटांत ताडून बघते.

भाव बदलले तेव्हा या वेगळ्या रकान्याचा खरा कस लागला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि सिमेंटवर २८ टक्के बसला. २०२२च्या वसंतात युक्रेनच्या युद्धानंतर लोखंड असं भडकलं की केंद्र सरकारनं त्या मे महिन्यात पोलादावर निर्यातशुल्क लावलं. कित्येकांनी तेव्हा स्लॅब दिवाळीपर्यंत पुढे ढकलला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटचा कर १८ टक्क्यांवर आला. ज्यांचा हिशोब उक्ता होता त्यांना प्रत्येक वेळी ठेकेदार सांगेल ते ऐकावं लागलं. ज्यांच्याकडे मापं लिहिलेली होती त्यांनी एक चौकट बदलली आणि नवा आकडा खाली आला.

चित्राचा भाग नंतर आला. २००६ साली गूगलनं स्केचअप विकत घेतलं आणि त्याची एक आवृत्ती फुकट दिली. फुकटचंच स्वीट होम थ्रीडी त्याच सुमाराचं. त्याआधी घराचा नकाशा म्हणजे निळ्या रेघांचा कागद, तो पुरुष मंडळी ओसरीत उलगडायची आणि स्वयंपाकघरात ज्यांचा दिवस जायचा त्या बायकांना तो कुणी दाखवत नसे. दाखवला तरी रेघांतून ओटा दिसत नाही. पडद्यावर भिंती उभ्या राहिल्या तेव्हा एका घरी सुनेनं पहिल्याच नजरेत विचारलं, "आप्पा, सिलिंडर कुठे ठेवायचा? आणि दार उघडलं की फ्रीजला लागतंय." सासऱ्यांनी भाच्याला तिथल्या तिथे दार दुसऱ्या भिंतीला सरकवायला सांगितलं. तेव्हा त्या भिंतीची एक वीटही रचलेली नव्हती, म्हणून हे एका वाक्यात झालं. या एका कारणासाठीसुद्धा मी ही सॉफ्टवेअर मोलाची मानीन.

बाहेरून आलेल्या तयार तक्त्यांना मात्र शहादा माहीत नव्हता, अजूनही नाही. त्यांत खर्चाच्या ओळी असतात, पण धाबं उतरवताना निघणाऱ्या जुन्या सागाची ओळ नसते. त्या खांबांना, कड्यांना, चौकटींना चांगला भाव येतो आणि तो हिशोबात वजा धरला नाही तर अंदाज फुगतो. पाण्याची ओळ नसते. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या वर असताना स्लॅबवर आळी करून निदान दहा दिवस पाणी साठवून ठेवावं लागतं. बोअर आटलेली असेल तर टँकर आला. राडारोडा वाहून नेण्याचं भाडं नसतं. मजूर कधी नसतील तेही नसतं. धडगाव-अक्कलकुव्याकडून येणारे पावरा आणि भिल्ल कामगार होळीच्या आधी भोंगऱ्या बाजाराला आणि मग होळीला आपल्या गावी जातात. काठीची राजवाडी होळी सोडून कुणी तुमचं प्लास्टर करत बसणार नाही आणि बसूही नये. ज्यानं वेळापत्रकात तो आठवडा आधीच कोरा ठेवला त्याचं काम खोळंबत नाही. पावसाळ्यात नदीपात्रातून रेती काढायला बंदी असते, म्हणून रेती जूनआधी घरी पडलेली हवी. आणि पैसा दर महिन्याला येतो हे त्या तक्त्यांचं गृहीतक इथं चालत नाही. कापूस, ऊस, केळी, पपई यांची पट्टी जशी हाती येईल तसा एकेक टप्पा पुढे सरकतो. ज्यांनी महिन्याऐवजी पिकाच्या नावानं रकाने केले त्यांचे तक्ते मी सर्वांत शहाणे मानतो.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि हे सगळं मोबाइलवर आलं. आता तक्ता मराठीत लिहिता येतो, सुरतेला किंवा पुण्याला असलेला भाऊ तोच तक्ता उघडून बघतो आणि दुकानाच्या पावतीचा फोटो संध्याकाळच्या आत घरच्या ग्रुपवर येतो. मिस्तरीही बदलला. नव्या पिढीतले कैक जण स्वतःच मोबाइलवर ब्रास आणि गोण्या काढून दाखवतात. त्यात त्यांचाही फायदा आहे, कारण वाढीव कामाचे पैसे मागताना हातात माप असतं.

पण हा लाभ अजून पक्क्या उत्पन्नाच्या घरांपुरता आहे. तालुक्यातल्या पाड्यांवर घर उभं राहतं ते घरकुलाच्या हप्त्यांवर. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ पासून सुरू आहे. घर किमान २५ चौरस मीटरचं, केंद्राच्या निकषानं मदत सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागात १ लाख ३० हजार. तिथंही सॉफ्टवेअर आहेच. जोत्याचा, भिंतींचा, छताचा फोटो ठिकाणाच्या नोंदीसह चढतो आणि त्यावर पुढचा हप्ता सुटतो. तो हिशोब सरकारच्या कामाचा आहे, पैसा कुठे गेला हे बघण्यापुरता. जिच्या नावावर घर आहे त्या बाईला मात्र आपल्या छताला किती गोण्या लागतात हे कुणी सांगत नाही, आणि ठेकेदाराशी तिचं बोलणं अजून उक्त्यावरच चालतं. २५ चौरस मीटरवर पाच इंचांचा स्लॅब धरला तर सिमेंट लागतं पंचवीस गोण्यांच्या आसपास. पत्र्याचं छत असेल तर पत्रे आणि अँगल. जोतं, भिंती, छत अशा तीन टप्प्यांची ही मापं मराठीत, आणि जमेल तिथे पावरी-भिलीत, एका पानावर छापून पहिल्या हप्त्याबरोबर हाती द्यायला हवीत. मापं काढणारे अभियंते आणि छापणारी यंत्रं पंचायत समितीत आजही आहेत.