लाचीनच्या रस्त्यावर तगलेलं सैन्य

८ मे १९९२. नागोर्नो-काराबाखमधल्या स्तेपानाकेर्तहून शूशाकडे चढणाऱ्या घाटात टी-७२ जातीचा एक आर्मेनियन रणगाडा पुढे सरकत होता. क्रमांक ४४२. समोरच्या अझरबैजानी रणगाड्याने त्याला टिपलं. आतल्या तिघांपैकी दोघं मारले गेले, कमांडर तेवढा वाचला. पुढे हा रणगाडा डागडुजी करून त्याच रस्त्याकडेला चौथऱ्यावर चढवला गेला.

त्या चढाईला कारण होतं. शूशा हे कड्यावरचं गाव, स्तेपानाकेर्तपेक्षा सुमारे ६०० मीटर उंच. वरून ‘ग्राद’ रॉकेटांचा मारा व्हायचा आणि खालच्या शहराने तो हिवाळा तळघरांत काढला होता. ९ मेपर्यंत शूशा पडलं. नागोर्नो-काराबाखच्या ‘संरक्षण सेने’चा स्थापना दिवसही तोच, ९ मे १९९२.

सोव्हिएत काळात काराबाख हा अझरबैजानमधला स्वायत्त प्रांत होता. वस्ती बहुसंख्य आर्मेनियन. १९८८ साली तिथल्या प्रांतिक सोव्हिएतने आर्मेनियात सामील होण्याची मागणी केली आणि ठिणगी पडली. १९९१ मध्ये प्रांताने स्वतःला स्वतंत्र जाहीर केलं. त्या स्वातंत्र्याला संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने मान्यता दिली नाही. आर्मेनियानेसुद्धा नाही.

मग बंदुका आल्या कुठून? स्तेपानाकेर्तमध्ये सोव्हिएत लष्कराची ३६६ क्रमांकाची रेजिमेंट होती. मार्च १९९२ मध्ये ती माघारी गेली, तेव्हा तिची बरीचशी सामग्री आर्मेनियन तुकड्यांच्या हाती पडली. त्याआधी, २५ फेब्रुवारीच्या रात्री, याच रेजिमेंटमधल्या काहींच्या साथीने खोजालीवर हल्ला झाला. गाव सोडून पळणाऱ्या शेकडो अझरबैजानी नागरिकांचा त्यात बळी गेला. अझरबैजानचा आकडा ६१३ आहे. या सैन्याच्या जन्मकथेतून ती रात्र वगळता येत नाही.

शूशानंतर दहाच दिवसांत लाचीन पडलं. काराबाख आणि आर्मेनिया यांच्या मधोमध असलेलं हे गाव हाती आल्यावर दोघांना जोडणारा रस्ता खुला झाला. माणसं, दारूगोळा, इंधन, पीठ, सारं त्याच वाटेने येऊ लागलं. पुढे जगभरच्या आर्मेनियनांच्या देणग्यांतून त्याचं नूतनीकरणही झालं. १९९४ च्या शस्त्रसंधीपर्यंत भोवतालचे अझरबैजानी जिल्हेही पूर्णतः वा अंशतः या सैन्याच्या ताब्यात गेले होते आणि पाच लाखांहून अधिक अझरबैजानी बेघर झाले होते.

काराबाखची लोकसंख्या जेमतेम दीड लाख, तर सैन्य अठरा ते वीस हजारांचं असल्याचे अंदाज होते. हे गणित घरच्या माणसांवर जुळणारं नव्हतंच. आर्मेनियातून सक्तीच्या लष्करी सेवेत भरती झालेली पोरं इथल्या खंदकांत पहारा देत. अधिकाऱ्यांचंही तेच: या सेनेचे एकेकाळचे प्रमुख सेयरान ओहान्यान पुढे आर्मेनियाचे संरक्षणमंत्री झाले. २०१५ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकालच दिला की, या प्रदेशावर प्रत्यक्ष नियंत्रण आर्मेनियाचं आहे.

खंदक, बंकर, डोंगरमाथे यांवर या सैन्याची सारी भिस्त. २७ सप्टेंबर २०२० ला सुरू झालेल्या युद्धात ती कोलमडली. तुर्की बनावटीचे ‘बायरक्तार’ ड्रोन आणि इस्रायली ‘हारोप’ वरून एकेक रणगाडा, एकेक तोफ हुडकून काढत होते. शूशाला मात्र ड्रोन पुरले नाहीत. तिथे अझरबैजानी सैनिक हलकी शस्त्रं घेऊन जंगलातून पायी आले आणि कडा चढले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच कड्यावर आर्मेनियन चढले होते.

४४ दिवसांनी युद्ध थांबलं. लाचीनच्या रस्त्यावर रशियन शांतिसैनिक उभे राहिले. आर्मेनियाने शस्त्रांसाठी नवे विक्रेते शोधले; पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेत विकसित झालेल्या ‘पिनाक’ रॉकेट यंत्रणेच्या खरेदीची बातमी आली ती २०२२ मध्ये. आर्मेनियाची शस्त्रखरेदी अशी चालू असताना काराबाखची वाट मात्र आवळली जात होती.

डिसेंबर २०२२ मध्ये अझरबैजानी निदर्शकांनी लाचीनचा रस्ता अडवला. पुढच्या एप्रिलमध्ये हकारी नदीच्या पुलाजवळ अझरबैजानने चौकी बसवली. उन्हाळ्यापर्यंत दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या, पावासाठी रांगा लागू लागल्या, पेट्रोल संपलं. १९ सप्टेंबर २०२३ ला अझरबैजानचा हल्ला झाला. आर्मेनियाने हस्तक्षेप केला नाही; तिथे आपलं सैन्य नाही, असं तिथल्या सरकारचं, येरेवानचं, म्हणणं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता शस्त्रसंधी झाली. अट एकच: सेना बरखास्त, शस्त्रं जमा. एकतीस वर्षांची फौज चोवीस तासांत संपली.

त्यानंतरच्या आठवड्यात एक लाखाहून अधिक माणसं गाड्यांच्या टपांवर गाद्या बांधून त्याच रस्त्याने आर्मेनियाकडे निघाली. काही तासांच्या प्रवासाला दीड-दोन दिवस लागत होते. चौकीवर पुरुषांचे चेहरे निरखले जात. २०१५ ते २०१८ या काळात या सेनेचे प्रमुख असलेले लेवोन म्नात्साकान्यान तिथेच पकडले गेले.