अंगणाखालची शिट्टी

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास जुनं घर घ्यायला निघालेल्या मराठी कुटुंबाला एक चौकशी करावीच लागते : अंगणात टाकी पुरलेली नाही ना? पाण्याची नव्हे, तेलाची.

विसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य भागात घरं उबदार ठेवायचं काम कोळशाकडून तेलाकडे आलं. डिझेलच्या जातीचं हे तेल घरातल्या भट्टीत जळायचं आणि त्याचा साठा बऱ्याचदा अंगणात पुरलेल्या लोखंडी टाकीत असायचा. ५५० गॅलनची टाकी सर्रास सापडते. म्हणजे सुमारे २,०८० लिटर. आपल्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या. पुढे नळाने गॅस आला, भट्टी बदलली, घराचे मालक बदलले. टाकी मात्र होती तिथेच राहिली.

वर दिसतात फक्त दोन नळ. एक तेल भरायचा, दुसरा हवा सुटायचा. या दुसऱ्याच्या तळाशी चक्क एक शिट्टी बसवलेली असते. टँकरवाला तेल सोडू लागला की आतली हवा बाहेर ढकलली जाते आणि शिट्टी वाजत राहते. तेल शिट्टीपर्यंत चढलं की आवाज बंद. कुकरची शिट्टी झाली की आपण गॅस बंद करतो. इथे शिट्टी थांबली की तेल बंद करायचं. न दिसणाऱ्या टाकीची पातळी नुसत्या कानाने कळते!

पण खरी करामत गंजाची. छिद्र पडतं ते हवा भरपूर मिळते तिथे नव्हे, कमी मिळते तिथे. टाकीच्या वरच्या अंगाला माती भुसभुशीत, हवा खेळती. तळाशी ओल जास्त, हवा कमी. एवढ्या फरकावर त्याच पत्र्यात बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि झिजतो तो तळ. अख्खी टाकी म्हणजे स्वतःलाच खाणारी बॅटरी.

आतही स्वस्थता नसते. हवेतली वाफ थंड पत्र्यावर निवून थेंब होते, आणि पाणी तेलापेक्षा जड म्हणून तळाला बसतं. त्या दोघांच्या सीमेवर एक बुरशी सुखाने नांदू शकते : अमॉर्फोथेका रेझिनी, ऊर्फ केरोसीन बुरशी. तेल तिचं जेवण. विमानांच्या इंधनटाक्यांनाही तिने छळलेलं आहे.

गळालेलं तेल मातीतून झिरपत भूजलापर्यंत पोचतं, आणि पाण्यापेक्षा हलकं म्हणून त्यावर तरंगत पसरतं. मग टाकी रिकामी करून तशीच सोडली तर? तिथे आर्किमिडीज आडवा येतो. भूजल वर चढलं तर २,०८० लिटरची पोकळी सुमारे दोन टनांच्या जोराने वर उसळते. टाकीचं स्वतःचं वजन मात्र काही शे किलो. वरची माती दाबून धरते म्हणून बरं.

१९८४ साली अमेरिकेने जमिनीखालच्या टाक्यांसाठी केंद्रीय कायदा केला, पण घर तापवण्याच्या तेलाच्या टाक्या त्यातून वगळल्या. त्यामुळे नियम राज्यागणिक, गावागणिक बदलतात. काही ठिकाणी टाकी साफ करून त्यात वाळू किंवा पातळ काँक्रीट भरून ती जागीच मिटवता येते. पण खालच्या मातीत काय मुरलंय हे नीट पाहायचं, तर उपसणंच बरं.

आधी मेटल डिटेक्टर किंवा जमिनीत डोकावणारं रडार फिरवून जागा हेरतात. मग परवाना, खोदकाम. उरलंसुरलं तेल शोषून घेतात, आत ताजी हवा सोडतात, पत्रा कापून तळाचा काळा गाळ खरवडून काढतात. मग आपण ज्याला सरसकट जेसीबी म्हणतो तसलं यंत्र टाकी उचलून गवतावर ठेवतं. खड्ड्यातल्या मातीचे नमुने प्रयोगशाळेत जातात.

टाकीला चिकटलेली माती खरवडताना कधीकधी गंजाची एक खपली निघते, आणि साबुदाण्याएवढ्या भोकातून उजेड आरपार दिसतो. भोक पाडलं गंजानेच. आणि इतके दिवस त्याला बूच होतं, तेही गंजाचंच.