प्राचीन मराठीतील स्थितिदर्शक क्रियापदे

बसणे, उभे राहणे, आडवे होणे अशी शरीराची ठेवण सांगणारी आणि तिच्या अनुषंगाने एखाद्याचे एका ठिकाणी असणे सुचवणारी क्रियापदे म्हणजे स्थितिदर्शक क्रियापदे होत. तेराव्या-चौदाव्या शतकांतील मराठीत बैसणे, ठाकणे, राहणे, निजणे, पहुडणे ही त्यांपैकी नित्य आढळणारी आहेत.

व्युत्पत्ती व अर्थांतर

'बैसणे' हे संस्कृत 'उप + विश्' यावरून प्राकृतातून आले. पुढे ऐकार जाऊन 'बसणे' झाले. हिंदीतील 'बैठना' त्याच धातूच्या 'उपविष्ट' या रूपावरून आले आहे. 'उभा' हा शब्द 'ऊर्ध्व' यावरून, तर 'ठेवणे' हे 'स्थापय' यावरून सिद्ध होते. 'ठेला' म्हणजे थांबला, राहिला. हे रूप आज लुप्त आहे. 'ठाकणे' म्हणजे उभे राहणे किंवा येऊन पोहोचणे. आज ते 'संकट उभे ठाकले' अशा प्रयोगांपुरते उरले आहे. तेथे 'उभे' आणि 'ठाकणे' यांत एकच अर्थ दोनदा येतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

महानुभाव वाङ्मयातील उपयोग

म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात (सुमारे इ.स. १२७८) 'बैसले असति' अशी रचना येते. कृदन्ताला 'असणे' जोडल्यामुळे बसण्याची कृती नव्हे, तर बसलेली अवस्था कळते. आजच्या 'बसत आहे' आणि 'बसला आहे' यांतील भेद तोच. चक्रधरस्वामींविषयी लिहिताना पुष्कळदा क्रियापदाऐवजी आदरार्थी नाम योजतात: आसन (बसणे), पहुड (निजणे), उपहुड (निजून उठणे). हा केवळ शैलीचा भाग नाही. स्वामी कोठे बसले, कोठे निजले यावरूनच पंथातील पवित्र स्थाने ठरली आणि त्यांची नोंद स्थानपोथीत झाली. शब्द चुकीचा वाचला तर स्थानाची ओळखच बदलते. म्हणून अशा ठिकाणी आजचा अर्थ गृहीत न धरता तुळपुळे व फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश (१९९९) पाहणे इष्ट.

तुलना

मेक्सिकोतील झापोटेक भाषांत वस्तू कोठे आहे हे सांगतानाही ती 'बसली', 'उभी' की 'आडवी' हे क्रियापदातच येते. मराठीत पुस्तक मेजावर नुसते 'आहे' असते. 'पडले आहे' म्हटले की दुर्लक्षाची छटा येते. शेतातले पीक मात्र 'उभे' असते. याउलट 'बोलून बसणे', 'हरवून बसणे' यांत बसण्याची क्रिया उरलेलीच नाही. तेथे 'बसणे' हे सहायक क्रियापद होऊन पश्चात्ताप वा हानी दाखवते.